एका गुणाचा खेळाडू

तुम्ही कधी वहीतला संघ केलाय का? याला ‘फँटसी’ खेळ म्हणतात. खऱ्या सामन्यातले खेळाडू आपण निवडायचे आणि त्यांनी मैदानावर जे केलं, त्याचे गुण आपल्या नावावर मांडायचे. घाम त्यांचा, गुण आपले!

इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा असा खेळ जगभर खेळला जातो. त्याचे नियम सोपे आहेत. आघाडीच्या खेळाडूनं गोल केला तर ४ गुण, मधल्या फळीतल्यानं केला तर ५, बचावपटूनं केला तर ६. ज्याच्या पासवर गोल झाला त्याला ३. आणि चेंडू आपल्याच जाळ्यात घातला तर २ गुण वजा!

चला, या नियमांनी एक खरा सामना तपासू या. तारीख १३ मार्च २०२१. गोव्यातलं फातोर्डा स्टेडियम. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, मुंबई सिटी विरुद्ध एटीके मोहन बागान. करोनामुळे प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या.

१८व्या मिनिटाला मोहन बागानच्या डेव्हिड विल्यम्सनं गोल केला. लिहा ४ गुण. २९व्या मिनिटाला त्यांचाच बचावपटू तिरी मुंबईचा लांब पास डोक्यानं अडवायला गेला आणि चेंडू आपल्याच जाळ्यात! लिहा २ वजा. बरोबरी झाली. ९०व्या मिनिटाला ओगबेचेच्या पासवर बिपिन सिंगनं गोल मारला आणि मुंबईनं २-१ असा करंडक जिंकला. बिपिनला ५, ओगबेचेला ३.

झाला हिशेब? थांबा, एक नाव राहिलं. अमेय रानवडे, मुंबईचा बचावपटू. मध्यंतराच्या थोडं आधी विरुद्ध संघातल्या खेळाडूशी त्याची टक्कर झाली. डोक्याला मार लागून तो कोसळला. त्याला रुग्णवाहिकेतून इस्पितळात न्यावं लागलं. वहीत त्याचे गुण किती? ६० मिनिटांच्या आत बाहेर गेला, म्हणून फक्त १.

आता खरं सांगा. तुमच्या वहीत अमेय असता, तर तुमच्या तोंडून आधी काय निघालं असतं? ‘अरेरे, माझे गुण गेले!’ की ‘तो बरा आहे ना?’ (अमेय बरा झाला आणि पुढे पुन्हा खेळला, बरं का!)

तिरीचंही बघा. तो चेंडूपर्यंत पोचलाच नसता, तर त्याचे २ गुण वजा झाले नसते. जो धावतच नाही, त्याच्या हातून चूकही होत नाही. वहीला हे कळत नाही, आपल्याला कळायला हवं.

म्हणून वहीतला संघ वाईट का? मुळीच नाही. त्यानं सामना बारकाईनं बघायची सवय लागते, बेरीज-वजाबाकीही पक्की होते. फक्त त्यात पैसा नको. पालकांनो, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पैसा लागला की पडलेल्या खेळाडूकडे बघायची नजरच बदलते.

आमच्या नागपुरात २००१ साली क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली मुलं पाहिली. त्यातूनच ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. त्या मुलांना कोण गुण देत होतं? तरी ती जीव तोडून खेळत होती.

तर मग येत्या रविवारी तुमच्या गल्लीतल्या सामन्याची वही तुम्हीच करा. गोल, पास, सगळं लिहा. आणि एक रकाना जास्तीचा आखा : पडलेल्याला हात कोणी दिला? त्याचे गुण किती ठेवायचे, हे तुम्हीच ठरवा!