ताजच्या मागच्या दारातून

1935 साली लिऑन अॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकी व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि शहरात जॅझचा जम बसला. पाठोपाठ ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ आला, पियानोवर बोटं नाचवणारा टेडी वेदरफर्ड आला. 1939 पासून वीसेक वर्षं ताजचा बँड मिकी कोरेया यांनी सांभाळला. पुढे चर्चगेट स्ट्रीटवरच्या, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडवरच्या, रेस्तराँमध्येही रोज रात्री बँड वाजू लागले. या काळाची आठवण निघते ती बहुतेक झुंबरांच्या आणि फॉक्सट्रॉट नाचाच्या निमित्ताने. मला मात्र ही ठिकाणं आपल्या चित्रपटसंगीताचे तालीमखाने वाटतात.

हे सगळं साहेबांचं आणि शेठजींचं होतं, सामान्य माणसाचा त्याच्याशी काय संबंध, असा आक्षेप येतो. श्रोत्यांपुरता तो खराच आहे. पण वाजवणारे कोण होते? बरेचसे गोव्याचे, चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकून पोटासाठी मुंबईला आलेले, धोबी तलावाच्या आसपास गावाच्या नावाने चालणाऱ्या कुडांत, म्हणजे सामायिक वसतिगृहांत, पथारी टाकणारे. हल्दोण्याचा ट्रम्पेटवादक अन्तोनियो शाविएर वाझ त्यांतलाच. शहर त्याला चिक चॉकलेट म्हणे. तो अमेरिकी ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगची नक्कल करी, हा दुसरा आक्षेप. करीच. आपल्याकडे शागीर्दही आधी गुरूचा गळा उचलतो, उपज नंतर येते. त्याला कुणी नकलाकार म्हणत नाही. आणि रोज रात्री नाचणाऱ्यांचे पाय पाहून लय राखायची, फर्माईश येताच सूर पकडायचा, सहकाऱ्याने मध्येच सोडलेली जागा भरून काढायची, ही तयारी निव्वळ रेकॉर्डी ऐकून होत नाही.

रात्री हॉटेलात वाजवणारी ही मंडळी दिवसा स्टुडिओत असत. संगीतकार चाल गुणगुणे, अरेंजर ती कागदावर उतरवून ट्रम्पेटला काय, सॅक्सोफोनला काय, व्हायोलिनच्या ताफ्याला काय, हे वाटून देई. हे काम येणारे लोक प्रामुख्याने याच बँडांतून मिळाले. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांना, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्रांना, चिक चॉकलेटची साथ लाभली ती अशी. श्रेयनामावलीत बहुधा संगीतकाराचंच नाव ठळक राही, वादकांचं क्वचितच. ताजच्या पायऱ्या न चढलेल्या घरांतही रेडिओवरून तो ट्रम्पेट पोचला होता, फक्त वाजवणाऱ्याचं नाव पोचलं नाही. सी. रामचंद्रांच्या संगीताचा 1951 चा ‘अलबेला’ चित्रपट पुन्हा लागला, तर नायक भगवानदादांवरची नजर घडीभर काढून झालरींच्या पोशाखातला तो बँड जरूर पाहा. त्यात चिक चॉकलेट स्वतः आहे.