पाचव्या मजल्याचा णे

मुलुंड-घाटकोपरकडच्या नव्या टॉवरांच्या लिफ्टमध्ये बटणांच्या कडेला बारीक उठावाचे ठिपके असतात. डोळस माणसाचं लक्ष तिथे जात नाही. पाचव्या मजल्याच्या बटणाशी दोन खुणा असतात. पहिली सांगते, पुढे आकडा आहे. दुसरी इंग्रजी ‘ई’ची, ती आकड्यात पाच होते. पण मराठी ब्रेल शिकलेल्या बोटाखाली याच दोन खुणा सरळ ‘णे’ अशाही वाचता येतात. सातव्या मजल्यावर ‘णग’ आणि नवव्यावर ‘णि’.

हा सगळा खेळ त्या पहिल्या खुणेचा. ब्रेलच्या चौकटीत सहा ठिपके: डावीकडे वरून खाली 1, 2, 3 आणि उजवीकडे 4, 5, 6. त्यातले 3, 4, 5, 6 उठवले की इंग्रजीत, जपानीतसुद्धा अंकाची खूण होते. मराठीत ती अंकाची खूण आहेच, शिवाय ‘ण’ही आहे. ब्रेल लिहिण्याच्या पर्किन्स यंत्रावर डाव्या हाताची अनामिका आणि उजव्या हाताची तीन बोटं एकदम दाबली की ण उमटतो. पाटी आणि टोच्या घेऊन लिहायचं तर कागद मागून, उजवीकडून डावीकडे टोचावा लागतो. त्या बाजूने हाच ण हुबेहूब ‘व’ दिसतो. आणि पाण्याला ‘पानी’ म्हणणाऱ्यांची इथे सुटका नाही, कारण न म्हणजे 1-3-4-5, ण म्हणजे 3-4-5-6. दोन्हींत निम्म्याहून जास्त ठिपके सारखे, तरी बोटाला एक दुसऱ्यासारखं लागत नाही.

ण या जागी आला तो 1951 साली. त्याआधी देशात ब्रेलचे अनेक पाठ होते. नोल्स आणि गार्थवेट यांचं ओरिएंटल ब्रेल 1902 मधलं, कलकत्त्यात लालबिहारी शहांचं वेगळं. मुंबईत अंधांच्या शाळा लवकर निघाल्या, अमेरिकन मिशनच्या मिस मिलर्ड यांची 1900 मध्ये आणि ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल 1902 मध्ये. पण एका प्रांतात छापलेलं पुस्तक दुसऱ्या प्रांतात वाचता येईलच असं नव्हतं. 1949 मध्ये भारत सरकारने हा गुंता युनेस्कोपुढे नेला. काम आलं सर क्लुथा मॅकेंझींकडे. हे न्यूझीलंडचे, 1915 साली गॅलिपोलीच्या लढाईत त्यांची दृष्टी गेली होती, आणि दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी त्यांनी डेहराडूनला काम केलं होतं. पॅरिस आणि बैरूतच्या बैठकांनंतर 1951 मध्ये भारती ब्रेल ठरलं.

तत्त्व साधं होतं. लुई ब्रेलच्या रोमन अक्षरांशी ज्याचा उच्चार जुळतो त्याला तीच खूण: क ला ‘के’, म ला ‘एम’, ल ला ‘एल’. आणि एका ध्वनीला सगळ्या भारतीय भाषांत एकच खूण, म्हणून गुजराती, कन्नड, तमिळ, बंगाली ण चेही ठिपके तेच. पण आपली वर्णमाला रोमनच्या सव्वीसांत कुठली मावायला! उरलेल्या अक्षरांना उरलेल्या खुणा मिळाल्या. त्यातल्या बऱ्याच इंग्रजी ब्रेलमध्ये अख्ख्या शब्दांच्या किंवा शब्दखंडांच्या लघुखुणा आहेत. थ, श, घ यांची सोय चांगली लागली, तिथे इंग्रजीतही ‘टीएच’, ‘एसएच’, ‘जीएच’ असेच जोड आहेत. बाकीच्यांच्या वाट्याला निव्वळ योगायोग आला. इंग्रजी ब्रेल वाचणाऱ्याने घाटकोपरची मराठी पाटी चाचपली तर मध्येच ‘विथ’ लागतो, अंधेरीच्या पोटात ‘द’ हे उपपद सापडतं, आणि ठाणे थेट ‘वॉर 5’ होतं.

या 5 चं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. अंकाच्या खुणेवर अक्षर बसवणं धोक्याचं, पण मराठीत ण ने शब्द सुरू होत नाही, त्यामुळे शब्दाच्या आरंभी ही खूण लागली की अंक समजायचा. घाटकोपर-मुलुंडच्या जैन घरांतला णमोकार मंत्र हा अपवाद. तिथे ण च्या पुढे म येतो आणि म ची खूण आकडा नाही, म्हणून तोही सुखरूप. शब्दाच्या आत मात्र गर्दी आहे. करणे, जाणे, बोलणे, मराठीतलं शब्दकोशात सापडणारं प्रत्येक क्रियापद ब्रेलमध्ये पाचावर संपतं. गुणगानमध्ये 7 आहे, गणितात 9. स्वागत थोरात यांनी 15 फेब्रुवारी 2008 रोजी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. त्याच्या पानांत जितके ‘आणि’, तितके नऊ. पुणे पाचावर संपतं, पण ‘पुण्यात’ म्हटलं की ण पुढे य येतो आणि पाच गायब.

इंग्रजीला असा दुहेरी अर्थ झेपला नाही. तिथेही ही खूण अंकाबरोबर ‘बीएलई’ या शब्दखंडासाठी वापरत, जसं ‘टेबल’च्या शेवटी. नव्या एकीकृत इंग्रजी ब्रेलमध्ये तो शब्दखंड काढून टाकला. मराठीला क्रियापदं कशी टाकता येतील? वाचणारा अडखळत नाही, कारण बोट मागचंपुढचं घेऊनच सरकतं. ‘कर’नंतर पाच कुणाच्या डोक्यात येत नाही.

अडचण येते ती ब्रेलचा उलटा छापील मजकूर करणाऱ्या संगणकाची. लिबलुईसारख्या मुक्त प्रणालीत मराठीचा तक्ता आहे, पण खूण शब्दाच्या मध्ये आली तर अक्षर मानायचं की आकडा, हा नियम कुणीतरी घालून द्यावाच लागतो. अक्षर मानलं की मराठी सुधारते आणि पत्ते बिघडतात. फ्लॅट नंबर लिहिताना बी आणि 502 यांच्यामध्ये रेघ हवीच. ती राहिली तर दारावर बीणेजब नावाचं कुटुंब राहायला येतं.