उल्लेखांची मोजणी आणि संशोधकाचे मोल

विद्वानाचे मोल कशावरून ठरवावे? पूर्वी गुरूचा शब्द आणि पंडितांच्या सभेतील मान यांवरून ते ठरे. आज विज्ञानाच्या प्रांतात त्याची जागा एका आकड्याने घेतली आहे. अमक्या संशोधकाचे निबंध किती आणि त्यांचा इतरांनी उल्लेख किती वेळा केला, हा तो आकडा. नेमणुका, बढत्या आणि अनुदाने यांच्या विचारात तो पुढे येतो; तेव्हा त्याचा अर्थ काय, हे आपणा नागरिकांनाही ठाऊक असले पाहिजे.

संशोधक निबंध प्रसिद्ध करतो तेव्हा ज्या पूर्वसूरींचा आधार घेतला त्यांची यादी शेवटी देतो. हा एक प्रकारचा ऋणनिर्देशच होय. या ऋणांची उलट बाजूने खतावणी करावी, म्हणजे एखाद्या जुन्या निबंधाचे ऋण पुढे कोणी कोणी मान्य केले ते पाहावे, ही कल्पना यूजीन गारफिल्ड या अमेरिकन गृहस्थाने १९५५ साली मांडली. अमेरिकेतील वकिलांपाशी जुन्या निवाड्यांचा पुढील खटल्यांत कोठे उल्लेख झाला हे दाखविणारी सूची होती. तिच्यावरून त्यांना ही युक्ती सुचली. १९६४ पासून त्यांच्या संस्थेची सूची नियमित निघू लागली. तिचा मूळ हेतू संशोधकाला वाट दाखविण्याचा होता. माणसे जोखण्याचा तराजू म्हणून तिचा वापर पुढे वाढत गेला.

या तराजूत काय दिसते ते एका उदाहरणाने पाहू. उलरिख लेम्ली हे स्विस संशोधक केंब्रिजच्या रेणवीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. जिवाणूंवर जगणाऱ्या एका विषाणूचे डोके कसे जुळून तयार होते, हा त्यांचा विषय. १९७० साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांचा छोटासा निबंध आला. या कामासाठी त्यांनी प्रथिने निवडून काढण्याची एक पद्धत सुधारून घेतली होती. साबणासारख्या एका द्रव्याने प्रथिनांची गुंडाळी उलगडते आणि त्यांच्यावर ऋण विद्युत्‌भार चढतो. मग त्यांना खळीसारख्या थरातून विजेच्या ओढीने पळविले, की लहान प्रथिने पुढे जातात आणि मोठी मागे राहतात. या पद्धतीचा तपशील लेम्लींनी एका आकृतीखालच्या टिपेत दिला होता.

२०१४ साली 'नेचर'ने सर्वाधिक उल्लेखिलेल्या शंभर निबंधांची यादी छापली. तीत लेम्लींचा निबंध दुसरा होता. उल्लेख दोन लाखांहून अधिक. पहिला होता ऑलिव्हर लाउरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९५१ मधील निबंध. उल्लेख तीन लाखांहून अधिक. त्याचा विषय द्रावणातील प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची रीत, एवढाच. आणि वॉटसन व क्रिक यांनी १९५३ साली डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगितली, तो जगप्रसिद्ध निबंध? तो या शंभरांत नव्हताच!

याचे नवल वाटायला नको. घरात पंचांग ज्ञानेश्वरीपेक्षा अधिक वेळा उघडले जाते. म्हणून कोणी पंचांगाला ज्ञानेश्वरीच्या वर बसवीत नाही, किंवा ते निरुपयोगी आहे असेही म्हणत नाही. लाउरी आणि लेम्ली यांच्या पद्धती असंख्य प्रयोगशाळांत वापरल्या गेल्या, आणि वापरणाऱ्याने ऋण नोंदविले. उलट, जे सत्य सर्वांच्या अंगवळणी पडते त्याचा आधार द्यायची गरजच उरत नाही. दुहेरी सर्पिलाचे तसेच झाले.

२००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने आणखी एक माप सुचविले. ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेख झाला, त्याचा अंक वीस. हे माप सुटसुटीत आहे खरे. पण वयाने मोठ्याला ते झुकते माप देते. ज्या शाखेत निबंध थोडे निघतात तेथील माणूस त्यात मागे पडतो, आणि खंडनासाठी केलेला उल्लेखही जमेच्याच बाजूला पडतो.

शिवाय काळाचा प्रश्न आहे. मक्याच्या पेशींतील काही आनुवंशिक घटक आपली जागा बदलतात, हे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९५० साली मांडले. तेव्हा फार थोड्यांनी ते मनावर घेतले. पुढे जिवाणूंतही तसाच प्रकार आढळला, आणि १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मधल्या काळात केवळ आकडे पाहून त्यांचे मोल ठरविणाऱ्याची केवढी फसगत झाली असती!

हा धोका शास्त्रज्ञांनीच ओळखला. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे पेशीशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात एक जाहीरनामा तयार झाला. निबंध कोणत्या नियतकालिकात आला, त्या नियतकालिकाचा प्रभावांक किती, यावरून माणसाची पारख करू नये. निबंधात काय आहे ते पाहावे, असे त्याचे सांगणे.

आकडे टाकून द्यावेत, असे आमचे म्हणणे नाही. एखाद्याचे काम किती जणांच्या हाती पोहोचले, हे ते खरेपणाने सांगतात. पण कामाचा कस किती हे कळण्यासाठी कोणीतरी तो निबंध उघडून वाचावा लागतो. निवड समितीत बसणाऱ्यांनी तेवढे कष्ट घेतले नाहीत, तर एखाद्या होतकरू तरुणाची उमेद एका आकड्यापायी खचेल. आणि ते नुकसान त्याच्या एकट्याचे नसेल.