कानाने खेळायचा समुद्र

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातले जुने तांडेल पाण्याची खोली अजून वावात सांगतात. वाव म्हणजे साधारण सहा फूट. चाळीस वाव पाणी म्हणजे जेमतेम 73 मीटर. इथली भूखंडमंचाची उथळ पट्टी किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून जास्त लांब पसरलेली, त्यामुळे एवढं पाणी लागायलाही बराच वेळ बाहेर जावं लागतं. भारतीय नौदलाच्या सिंधुघोष वर्गातली पाणबुडी 72.6 मीटर लांब आहे. चाळीस वावांत ती नाकावर उभी केली तर शेपटाचं टोक पृष्ठभागाला येऊन टेकेल. अशा पाण्यात, डोक्यावर ट्रॉलर आणि पर्ससीनवाल्यांची ये-जा चालू असताना, लपून राहायचं, ऐकायचं आणि कुणालाही धक्का न लावता वर यायचं, हे पाणबुडीचं रोजचं काम. संगणकाच्या पडद्यावर ते हुबेहूब उतरवण्याचा खटाटोप चाळीस वर्षं चालू आहे. युद्धाच्या खेळांमध्ये इतका चिवट आणि इतका अभ्यासू प्रकार क्वचितच दुसरा सापडेल.

1985 साली मायक्रोप्रोझ कंपनीने सिड मायर यांचा ‘सायलेंट सर्व्हिस’ बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन पाणबुडी आणि पॅसिफिक महासागर हा त्याचा विषय. पुढे 1994 मध्ये ‘एसेस ऑफ द डीप’, 1996 मध्ये ‘सायलेंट हंटर’ आणि 2005 मध्ये युबिसॉफ्टचा ‘सायलेंट हंटर 3’ आला. दरवेळी लाटा अधिक खऱ्या दिसू लागल्या, पोलादावरचा गंज दिसू लागला. पण या खेळांचे निष्ठावंत खेळाडू चित्रावर फारसे भाळत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो: समोरच्या जहाजाचा वेग खेळ आयता सांगतो, की तो आपण काढायचा?

‘सायलेंट हंटर 3’ मध्ये वास्तवतेची टक्केवारी ठरवता येते. शंभर टक्क्यांवर गेलं की बाहेरून पाणबुडी दाखवणारा कॅमेरा बंद होतो, नकाशावरच्या शत्रूच्या खुणा जातात आणि नेम धरायचं गणित खेळाडूच्या अंगावर पडतं. हातात पेरिस्कोप, घड्याळ आणि जहाजांच्या आकृत्यांची वही, एवढंच उरतं.

आता ते गणित. पेरिस्कोपच्या काचेवरची उभी रेघ स्थिर ठेवायची. मालवाहू जहाजाचं नाक रेघेला लागलं की घड्याळ सुरू, शेपूट सुटलं की बंद. वहीत पाहून ओळखलं की हे लिबर्टी जातीचं जहाज, लांबी सुमारे 134 मीटर. रेघ ओलांडायला 30 सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला साडेचार मीटरच्या जवळपास, म्हणजे पावणेनऊ नॉटच्या आसपास. दुसरी युक्ती याहून सोपी. जहाज 3 मिनिटं 15 सेकंदांत जितके शंभर मीटर कापतं, तितके नॉट त्याचा वेग. नऊशे मीटर गेलं तर नऊ नॉट. ही जादू नाही. एका नॉटने जाणारी वस्तू 195 सेकंदांत जवळजवळ शंभर मीटर पुढे सरकते, एवढंच. मग जहाज आपल्याकडे किती अंशांत वळलेलं आहे त्याचा अंदाज घ्यायचा, डोलकाठीच्या उंचीवरून अंतर काढायचं. विजेवर चालणारा जर्मन टॉर्पेडो 30 नॉटने धावतो. तीन किलोमीटरवरच्या जहाजापर्यंत पोचायला त्याला तीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात त्या जहाजाने वळण घेतलं की सगळी मेहनत पाण्यात.

ही तीन मिनिटं म्हणजे या खेळाचा गाभा. स्फोट झाला तर तो क्षणाचा असतो. त्याआधीचं न कळणं मात्र लांबलचक असतं आणि ते खोटं करून चालत नाही.

हत्यारांची खोटही अस्सल खेळ लपवत नाहीत. अमेरिकेचा मार्क 14 टॉर्पेडो युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत कुप्रसिद्ध होता. तो ठरवल्यापेक्षा खोल धावायचा, त्याचा चुंबकीय स्फोटक दगा द्यायचा, आणि आघाताने पेटणारी पिनही धड नव्हती. 24 जुलै 1943 रोजी ‘टिनोसा’ या पाणबुडीने ‘तोनान मारू क्रमांक 3’ या प्रचंड जपानी जहाजावर एकामागून एक पंधरा टॉर्पेडो सोडले. जहाज जागेवर थांबलेलं, नेम अगदी काटकोनात, आणि बहुतेक टॉर्पेडो आदळूनही फुटेनात. कप्तानाने उरलेला शेवटचा टॉर्पेडो तपासणीसाठी पर्ल हार्बरला परत नेला. पुढे चाचण्यांत कळलं की सरळ आघातात पिनेचा चेंदामेंदा होतो आणि तिरक्या आघातात ती नीट काम करते. म्हणजे नेम जितका चोख तितका बार फुसका. ‘सायलेंट हंटर 4’ मध्ये हे फसवे टॉर्पेडो चालू ठेवण्याची सोय आहे. ती बंद करून खेळणाऱ्याला त्या कप्तानांची खरी कोंडी कधीच कळणार नाही.

याच ‘सायलेंट हंटर 4’ ला 2008 मध्ये एक पुरवणी आली आणि जर्मन पाणबुड्या घेऊन खेळाडू हिंदी महासागरात उतरला. कोकणच्या वाचकाला हा इतिहास परका वाटायचं कारण नाही. 9 मार्च 1943 च्या रात्री गोव्यात, मुरगाव बंदरात, ‘एहरेनफेल्स’ हे जर्मन मालवाहू जहाज पेटलं. युद्ध सुरू झाल्यापासून ते तटस्थ पोर्तुगीज बंदरात आसरा घेऊन होतं. त्यावरच्या बिनतारी यंत्रावरून पाणबुड्यांना जहाजांची खबर जाते असा इंग्रजांचा संशय होता, म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतली प्रौढ मंडळी एका बार्जवरून तिथे पोचली. त्या रात्री बंदरातल्या बाकीच्या शत्रूजहाजांवरच्या लोकांनीही आपली जहाजं स्वतःच जाळली. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला यू-168 या जर्मन पाणबुडीने मुंबईच्या पश्चिमेला ‘हायचिंग’ हे ब्रिटिश जहाज बुडवलं आणि नंतर मलायातलं पेनांग बंदर गाठलं.

महायुद्धावरच्या खेळांना एक मोठा आधार असतो. त्या पाणबुड्यांचे आराखडे, रोजनिशा आणि चाचण्यांचे अहवाल आता खुले आहेत. जर्मनीत लाबे इथे यू-995 किनाऱ्यावर उभी आहे. कुणालाही आत शिरून झडपांची जागा पाहता येते. आपल्याकडे विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ‘कुरसुरा’ 2002 पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. आजच्या पाणबुड्यांचं तसं नाही. माझगाव गोदीत बांधलेल्या ‘कलवरी’, ‘खांदेरी’ ते ‘वागशीर’ या सहा पाणबुड्या किती आवाज करतात आणि किती अंतरावरून ऐकतात, हे आकडे कोणतंही नौदल बाहेर देणार नाही. त्यामुळे आधुनिक पाणबुडीचा खेळ बनवणाऱ्याला यंत्राचे आकडे अंदाजाने भरावे लागतात. पण समुद्राचं भौतिकशास्त्र गुपित नाही. वास्तवता शोधायची तर तिथेच.

अमेरिकेतली सोनॅलिस्ट्स ही कंपनी मुळात नौदलाची कामं करणारी. तिने 1997 मध्ये ‘688(आय) हंटर/किलर’ आणि 2005 मध्ये ‘डेंजरस वॉटर्स’ हे खेळ बनवले. दुसऱ्या खेळात रशियन बनावटीची किलो पाणबुडी चालवता येते, आणि आपला सिंधुघोष वर्ग म्हणजे याच जातीच्या पाणबुड्या. इथे खिडकी नाही, समोर पाणी दिसत नाही. हिरवट पडद्यावर वरून खाली आवाजाच्या रेघा ओघळतात आणि एखादी रेघ किंचित ठळक होते. ती कुठल्या दिशेला आहे एवढंच कळतं. किती दूर, ते कळत नाही. अंतर काढायचं तर स्वतःचा मार्ग बदलायचा, रेघ कशी सरकते ते पाहायचं, पुन्हा बदलायचं. अर्धा तास सहज जातो. घाई केली, वेग वाढवला, की आपल्याच पंख्याच्या आवाजाने आपण बहिरे होतो.

पाण्यातून आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, पण सरळ जात नाही. गरम पाण्यात त्याचा वेग जास्त, थंड पाण्यात कमी, आणि तो कमी वेगाच्या बाजूला वाकतो. 1930 च्या दशकात अमेरिकन नौदलाला एक कोडं पडलं होतं. क्युबाजवळच्या सरावात सकाळी नीट चालणारं सोनार, म्हणजे आवाजावरून पाणबुडी शोधणारं यंत्र, दुपारी मंद पडायचं. जेवणानंतर माणसं सुस्तावत असतील, असं आधी वाटलं. दोष माणसांचा नव्हता. उन्हाने वरचा पातळ थर तापायचा, आवाज खाली वळायचा आणि पाणबुडी त्या सावलीत लपून जायची. एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीसमोर समुद्र आरशासारखा पडलेला असतो आणि ऊन तळपत असतं. त्या कोड्याला लागणारी सगळी सामग्री इथे रोज दुपारी जमते. चांगल्या खेळांत असा तापमानाचा थर असतो, तो कुठे आहे ते पाहून पाणबुडी त्याच्या खाली सरकवता येते. मात्र सकाळ-दुपारचा हा फरक खेळांत उतरत नाही, आणि तो उतरायला हवा.

त्याहून मोठी उणीव आवाजाच्या गर्दीची आहे. कोकणातल्या खडकांजवळ टिचक्या वाजवणाऱ्या कोळंबीचा अखंड कडकडाट असतो. घोळ आणि ढोमा एकाच कुळातले मासे. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून ते आवाज काढतात. महायुद्धात अशा माशांनी आणि कोळंब्यांनी अमेरिकन श्रवणयंत्रांना भंडावून सोडलं होतं, म्हणून शास्त्रज्ञांना त्यांचा मुद्दाम अभ्यास करावा लागला. पावसाळ्यात सरींचा आवाज पाण्याखाली वेगळाच भरून राहतो. आणि जून-जुलैमधली मासेमारी बंदी उठली की होड्यांच्या इंजिनांचा.

खेळांत व्हेल असतात, मच्छीमार होड्याही असतात, पण एखाद-दुसरी, शोभेपुरती. खऱ्या अरबी समुद्रात तीच गर्दी जीवघेणी ठरते. 21 नोव्हेंबर 2024 रोजी गोव्याच्या वायव्येला सुमारे 70 सागरी मैलांवर ‘मार्थोमा’ ही मच्छीमार नौका आणि भारतीय नौदलाची एक पाणबुडी यांची धडक झाली. नौकेवर तेरा जण होते, अकरा वाचले. हा भाग रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या होड्यांना परका नाही. एखाद्या खेळाने पाणबुडीची खरी जोखीम दाखवायची ठरवली तर विनाशिकेपेक्षा ही नौका आधी दाखवावी लागेल. जाळं ओढताना होडी सरळ चालत नाही, तिचा वेग बदलत राहतो, आणि एकीच्या आवाजाखाली दुसरी लपते.

‘डेंजरस वॉटर्स’ मध्ये मोहीम स्वतः रचायची सोय आहे. नकाशा साऱ्या जगाचा आहे; तळ चिखलाचा, वाळूचा की खडकाचा, पाऊस आहे की नाही, आवाज कसा वाकतो, हे सगळं ठरवता येतं. किनाऱ्याजवळ कोकणचा तळ चिखलाचा, पुढे बाहेर वाळूचा; ही माहिती समुद्रशास्त्राच्या पुस्तकांत छापलेली आहे. तेव्हा जयगड ते पूर्णगड या पट्ट्यासमोर किलो पाणबुडी चाळीस वावांत सोडावी. आवाज तळाकडे वाकवणारं पाणी निवडावं. शत्रू एकही ठेवू नये. वर पन्नास होड्या ठेवाव्यात, प्रत्येकीचा रस्ता निराळा. खेळाडूला एकच काम द्यावं: अंधार पडल्यावर पेरिस्कोपच्या खोलीवर यायचं, निरोप पाठवायचा आणि कुणाचंही जाळं न तोडता पुन्हा खाली जायचं.