नदी अडली, पेढी उठली
सोळाव्या शतकात अँटवर्प हे तटबंदीचे शहर युरोपची मोठी बाजारपेठ होते, ते शेल्ट नदीमुळे. १५८४ मध्ये स्पेनचा सेनापती फार्नेसे याने या बंडखोर शहराला वेढा घातला. तटावर हल्ला न करता त्याने नदीच अडवली. पात्रावर खांबांचा व नौकांचा सेतू बांधला. एप्रिल १५८५ मध्ये नगरवासीयांनी स्फोटक जहाजे सोडून सेतूला खिंडार पाडले. परंतु त्याचा लाभ घेण्यापूर्वीच तो दुरुस्त झाला. १७ ऑगस्ट रोजी शहर शरण गेले. प्रोटेस्टंट रहिवाशांना व्यवहार आवरून निघण्यास चार वर्षांची मुदत मिळाली. पुढे डचांनी नदीचे मुख रोखले. भांडवल व कौशल्य घेऊन अनेक व्यापारी अ‍ॅमस्टरडॅमला गेले. तट उभाच राहिला. बाजार मात्र वाटेबरोबर गेला.