इंजिन 'टकटक' का करते?

चढावर एखाद्या गाडीच्या इंजिनातून येणारी 'टकटक' तुम्ही ऐकली असेल. हेच 'नॉकिंग'.

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी पडली की ज्वाला क्रमाने पसरते. पण दाब व उष्णता फार वाढली, तर ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण एकदम आपोआप पेटते. दाबाच्या लाटा सिलिंडरवर आदळतात आणि आवाज होतो. हे सतत झाल्यास पिस्टन खराब होतो.

पेट्रोलचा ऑक्टेन अंक जास्त, तर नॉकिंग कमी. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळून नॉकिंग थांबवले. परंतु धुरातले शिसे मुलांच्या मेंदूला घातक ठरले. भारतात २००० साली मोटारींसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जगातून ते जायला २०२१ साल उजाडले.