कारखाना थांबला म्हणजे खेळ संपला का?

(माहीम येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)

व्हिडिओ गेमवर व्याख्यान म्हटल्यावर समोरचे निम्मे चेहरे उत्सुक आहेत आणि निम्मे नातवंडांनी ओढून आणल्यासारखे दिसतायत. दोघांचंही स्वागत.

प्रश्न साधा आहे. एखाद्या गेम कन्सोलचं उत्पादन कंपनीने थांबवलं, की त्या दिवसापासून तो ‘क्लासिक’ होतो का? की लोक खेळतायत तोवर तो ‘चालू’च म्हणायचा? ‘चालू’ हा शब्द मुंबईत जरा जपून वापरावा लागतो, पण आज तो सरळ अर्थानेच घेऊ. हा वाद नुसत्या नावाचा नाही. वस्तूला आपण काय म्हणतो, यावर ती दुरुस्तीला जाणार, कपाटात जाणार की भंगारात, हे ठरतं.

आधी गेम बाजूला ठेवून माहीमच्या रस्त्यावर येऊ. वांद्र्याकडून येणाऱ्या रिक्षाला माहीमच्या पुढे शहरात प्रवेश नाही. तिथून पुढे टॅक्सी. आणि टॅक्सी म्हणजे कित्येक वर्षं पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी ही गाडी १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि २००१ च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. पण शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ ला. टॅक्सीच्या वयाची मर्यादा २० वर्षं, म्हणून ती रस्त्यावरून उतरली ऑक्टोबर २०२३ मध्ये.

आता सांगा, मधली वीस-बावीस वर्षं पद्मिनी क्लासिक होती की चालू? शिवाजी पार्कला जायला आपण हात दाखवायचो, तेव्हा वारसा बघायला थांबलेलो नसायचो. मीटर पडायचा, गाडी निघायची. सुटे भाग मिळत होते, मेकॅनिकला गाडी पाठ होती. कारखाना कधीच थांबलेला, पण गाडी चालू.

आणि कायद्याच्या लेखी क्लासिक कधी? केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ वाहन म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेलं, मूळ रूपातलं वाहन. म्हणजे टॅक्सी म्हणून विसाव्या वर्षी बाद आणि वारसा म्हणून पन्नासाव्या वर्षी मान्य. मधल्या तीस वर्षांत तिला कोणी वाली नाही. हा मधला पट्टा लक्षात ठेवा, कारण कन्सोलचं दुखणं नेमकं तिथेच आहे.

आता प्लेस्टेशन २ कडे येऊ. हा कन्सोल जपानमध्ये ४ मार्च २००० ला आला. १५ कोटींहून जास्त विकला गेला. त्याचा वारस, प्लेस्टेशन ३, २००६ च्या नोव्हेंबरात बाजारात आला. रिवाजाप्रमाणे जुन्याने तेव्हा निवृत्त व्हायला हवं होतं. झाला नाही. प्लेस्टेशन २ चं उत्पादन थांबल्याची बातमी आली ती थेट जानेवारी २०१३ मध्ये, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ४ आला. म्हणजे आजोबा नातवाच्या बारशापर्यंत नोकरीवर होते!

आपल्याकडे तर त्याची खरी कारकीर्द उशिराच बहरली. नवा कन्सोल खिशाला परवडत नव्हता आणि जुना स्वस्त होत होता. त्यामुळे जगात ज्याला ‘मागच्या पिढीचा’ म्हणत होते, त्याच्यासाठी भारतात नवे गेम बनत होते. २००९ मध्ये हैदराबादच्या कंपन्यांनी ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणि ‘देसी अड्डा’ हे गेम काढले. ‘देसी अड्डा’त काय होतं? कबड्डी, विटी-दांडू, पतंग! २०११ मध्ये मुंबईच्या ट्राइन कंपनीचा ‘रा-वन’वरचा गेम आला, तोही प्लेस्टेशन २ वर. आणि ‘डॉन २’वरचा गेम या कन्सोलवर आला २०१३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी उत्पादन थांबल्याचं जाहीर झालं त्याच वर्षी. कॅलेंडर एकच, पण टोकियोचं घड्याळ वेगळं आणि मुंबईचं वेगळं. ब्राझीलचं तर त्याहून वेगळं. सेगाचा ‘मास्टर सिस्टिम’ जगातून उठून गेल्यावरही तिथली टेकटॉय कंपनी त्याच्या आवृत्त्या पुढे कित्येक वर्षं विकत राहिली.

म्हणून उत्पादन थांबल्याची तारीख हा पुरावा मी पुरेसा मानत नाही. एखादा कन्सोल चालू आहे का, हे ठरवायला तीन प्रश्न विचारावेत. एक, त्याच्यासाठी नवं काही तयार होतंय का? दोन, बिघडला तर रीतसर दुरुस्ती होते का? तीन, साध्या माणसाला फार खटाटोप न करता आज तो लावून खेळता येतो का?

प्लेस्टेशन २ ला हे लावून बघा. नवे गेम २०१३ च्या अखेरीपर्यंत आले. फिफा १४ हा शेवटच्यांपैकी एक. कंपनीची दुरुस्ती जपानमध्ये ऑगस्ट २०१८ अखेर बंद झाली. आणि तिसरा प्रश्न? त्याची डिस्क प्लेस्टेशन ४ किंवा ५ मध्ये चालत नाही. म्हणजे जुनाच कन्सोल हवा, त्याची लेन्स धड हवी, जुळणारी केबल हवी. चिकाटीचा माणूस जमवतो, साधा माणूस नाही. तेव्हा तो २०१३ मध्ये एका दिवसात जुना झाला नाही. एकेक दार बंद होत गेलं. आज तो चालू नाही, हे मात्र खरं.

मग क्लासिक झाला का? इथे थोडं थांबा. चालू असणं ही वस्तुस्थिती आहे, ती तपासता येते. क्लासिक असणं हा निवाडा आहे, तो कोणीतरी द्यावा लागतो. या दोन गोष्टी एकाच रस्त्यावरचे पुढचे-मागचे थांबे नाहीत. याचा पुरावा आपल्या जिभेवरच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. म्हणून काय दुसऱ्या दिवशी माहीमच्या मासळी बाजारात भाव मराठीत करायचा थांबला? गोष्ट अभिजात आणि चालू एकाच वेळी असू शकते. आणि दुर्दैवाने, दोन्हीपैकी काहीच नसूही शकते. तिला मी ‘पोरकी’ म्हणेन.

प्लेस्टेशन २ हे यंत्र पोरकं होणार नाही. त्याचे चाहते जगभर आहेत. पण ‘देसी अड्डा’चं काय? विटी-दांडू डिस्कवर आणणाऱ्या गेमला क्लासिक म्हणायला कोणी पुढे येत नाही आणि तो चालूही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने पाहणी केली. त्यांनी ‘क्लासिक’ची रेघ २०१० च्या आधी आखली आणि त्यांना आढळलं की तिथे प्रसिद्ध झालेल्या अशा गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. ही अमेरिकेची स्थिती, जिथे निदान मोजणारं कोणी आहे.

आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे. प्रकाशकाने पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना पाठवायची, त्यांत मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं त्यात नंतर आली. गेमची डिस्क त्यात नाही. पुरावशेषांचा १९७२ चा कायदा साधारण १०० वर्षं जुन्या वस्तूला हात लावतो. डिस्क तोवर वाचेल?

‘तेव्हाच्या लोकांना कळलं नसेल का?’ असं आपण पूर्वजांबद्दल सहज म्हणतो. १४ मार्च १९३१ ला गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, भारताचा पहिला बोलपट. लोकांनी तुफान गर्दी केली. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं १९६४ मध्ये. चित्रपट आधी चालू होता, मग जुना झाला, आणि त्याला क्लासिक म्हणायची वेळ आली तेव्हा तो उरलाच नव्हता.

आता तर कारखान्याआधी दुकानच मिटतं. निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू यांचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केलं. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चं जुलै २०२४ मध्ये. जे फक्त तिथेच मिळत होतं, त्याची डिस्कही नाही. फेकायलासुद्धा हातात काही नाही.

(श्रोत्यांमधून प्रश्न: आमच्या माळ्यावर नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम पडलाय, बंदूक आणि काडतुसांसकट. तो क्लासिक का?)

छान प्रश्न! बदकं मारायची बंदूक ना? ते यंत्र बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल असणार. आपल्या पिढीने मूळ कन्सोलपेक्षा नकलाच जास्त पाहिल्या. मूळ फॅमिकॉम १९८३ चा आणि त्याचं उत्पादन थांबलं २००३ मध्ये. पण तुमची बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर चालणार नाही. ती पडद्यावर उमटणारा उजेड टिपते आणि तिचं गणित जुन्या डबा टीव्हीच्या वेळेशी बांधलेलं आहे. म्हणजे कन्सोल जपलात आणि टीव्ही भंगारवाल्याला दिलात, तर अर्धा खेळ गेला.

क्लासिक आहे की नाही, हे ठरायला वेळ लागेल. तोवर एवढं करा. सेलवर चालणारं काही असेल तर सेल काढून ठेवा, ते पाझरतात. दमट हवेपासून दूर ठेवा; माहीमला खाडीची हवा आहे, हे मी तुम्हाला काय सांगू! खोका, पुस्तिका, बिल एकत्र ठेवा, आणि कोणी, कधी, कुठून घेतला ते एका चिठ्ठीवर लिहून आत टाका. माळा साफ करायची वेळ आलीच, तर पलीकडे धारावीच्या तेरा कंपाउंडकडे जाणाऱ्या पोत्यात तो टाकण्याआधी घरातल्या पोरांना एकदा विचारा. यंत्राचं प्लास्टिक तिथे नीट वेगळं होईल, दळलंही जाईल. ती चिठ्ठी मात्र दुसरी कोणी लिहिणार नाही.